सुपर मीटिऑर 650चं सस्पेन्शन सुधारताना: मोजपट्टीपासून नव्या शॉकपर्यंत

रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर 650 ही पेट्रोलसह 241 किलोची गाडी. पुढे शोवा कंपनीचा 43 मिमीचा उलटा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दबणारे पाय, त्यांची हालचाल 120 मिमी. मागे दोन शॉक आणि चाकाला वरखाली व्हायला 101 मिमी जागा. एकटा माणूस आणि एखादी हलकी बॅग असेल तर हे पुरतं. पण ही गाडी घेणारे बहुतेक जण ती लांबच्या प्रवासासाठीच घेतात. मग मागे जोडीदार बसतो, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा लागतात, कॅरिअरवर रेनकोटचं गाठोडं चढतं, आणि ते 101 मिमी अचानक फार कमी वाटायला लागतात. गावाच्या वेशीवरच्या स्पीडब्रेकरला मागून ठक् असा आवाज येतो. घाटातल्या लांब वळणात मागची बाजू डुलते. दुपारच्या जेवणाला थांबलं की मागे बसलेल्या माणसाला सरळ उभं राहायला दोन मिनिटं लागतात.

क्रूझरवर हा त्रास जास्त होण्याला एक साधं कारण आहे. उंच अ‍ॅडव्हेंचर गाडीवर खड्डा दिसला की फुटरेस्टवर उभं राहता येतं आणि धक्का गुडघे खातात. इथे पाय पुढे असतात, शरीराचा बहुतेक भार बुडावर असतो, त्यामुळे शॉकने जे सोसलं नाही ते थेट मणक्यात जातं. म्हणून या गाडीवर मागच्या शॉकचं काम आधी, पुढच्या फोर्कचं नंतर.

आणि दोन्हींच्या आधी मोजमाप. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. ओळखीच्या कुणीतरी बसवलेला महागडा शॉक मागवायचा, लावायचा, आणि महिन्याभराने 'फार काही फरक नाही' म्हणायचं. तो शॉक वाईट नसतो. त्यातली स्प्रिंग दुसऱ्याच वजनासाठी असते, एवढंच.

स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं वेगळं

स्प्रिंग वजन पेलते. तुम्ही, मागचा माणूस, सामान आणि गाडी यांना योग्य उंचीवर धरून ठेवणं हे तिचं काम. शॉकमधलं तेल वजन पेलत नाही, ते हालचालीचा वेग आवरतं. दबताना जो अडथळा येतो ते कॉम्प्रेशन डॅम्पिंग आणि परत उघडताना येतो ते रिबाउंड डॅम्पिंग.

तिसरी गोष्ट प्रीलोड. शॉकच्या बुडाशी किंवा माथ्याशी खाचांची रिंग असते, ती फिरवली की स्प्रिंग थोडी आधीच दाबली जाते. सुपर मीटिऑरला अशा पाच पायऱ्या आहेत. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग एक मिमी दबायला जेवढं बळ लागतं, तेवढंच प्रीलोड वाढवल्यावरही लागतं. बदलते ती गाडीची उंची. खाली बसलेली गाडी वर येते, दबायला जागा परत मिळते, म्हणून ठोकणं कमी होतं आणि आपल्याला ती कडक झाल्यासारखी वाटते. हा फरक नीट लक्षात आला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पाना उचलण्याआधी

जे सस्पेन्शनचे दोष वाटतात ते पुष्कळदा दुसरीकडचे असतात. टायर थंड असताना हवा तपासा, गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी दिलेल्या आकड्यांप्रमाणे. पंपवाल्याने अंदाजाने भरलेली जास्तीची हवा गाडीला दगडासारखी करते, आणि ते दुखणं कुठलाही शॉक बरा करू शकत नाही.

मग पुढचं चाक अधांतरी उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर टी-स्टेमचा कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, खराब झाली आहे. फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा, खटखट लागली तर कोन सेट ढिला आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या भुजेच्या) बुशमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर लगेच कळतो. घाटात गाडी डुलण्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसतंय का, मागच्या शॉकच्या दांड्यावर ओल आहे का, तेही पाहा. यातलं काही निघालं तर आधी तेच दुरुस्त करा.

सॅग मोजणं

वजनाखाली सस्पेन्शन किती बसतं, त्याला सॅग म्हणतात. लागतं काय? मोजपट्टी, चिकटपट्टीचा तुकडा, वही आणि मदतीला दोन माणसं.

मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर, फ्रेमला घट्ट असलेल्या एखाद्या भागावर चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा. यापुढची सगळी मापं अ‍ॅक्सल ते खूण, याच दोन बिंदूंमध्ये.

पहिलं माप चाक पूर्ण लोंबकळत असताना. इथे एक अडचण येते. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मखाली लागतो, त्यामुळे चाक जमिनीवरून उठतं खरं, पण शॉकवरचा भार तसाच राहतो. जॅक फ्रेमखाली लावला पाहिजे. इंजिनच्या सम्पवर (तळातल्या तेलाच्या भांड्यावर) नाही, फ्रेमच्या नळ्यांखाली, मध्ये लाकडी फळी ठेवून. 241 किलोची गाडी आहे, हँडल धरायला एक माणूस कायम हवा.

दुसरं माप गाडी स्वतःच्या चाकांवर सरळ उभी असताना, वर कुणी नाही. साइड स्टँडवर मोजू नका. पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकामा सॅग मिळतो.

तिसरं माप तुम्ही बसल्यावर. घरच्या कपड्यांत नाही, तर जॅकेट, हेल्मेट, बूट, सगळं घालून, पाय फुटरेस्टवर, मदतनीसाने गाडी फक्त तोललेली. हा स्वारासह सॅग. चौथं माप मागे जोडीदार बसवून आणि बॅगा प्रवासाला भरतो तशा भरून.

प्रत्येक माप दोनदा घ्या. एकदा सीट हाताने दाबून सावकाश वर येऊ द्या आणि मोजा, मग गाडी थोडी उचलून सावकाश खाली बसू द्या आणि मोजा. सील आणि बुशच्या घर्षणामुळे दोन आकडे वेगळे येतील. सरासरी धरा. हा फरक बराच मोठा निघाला तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, बुश कोरडे आहेत किंवा फोर्कचे पाय एकमेकांना समांतर नाहीत.

पुढच्या फोर्कचंही असंच. उलट्या फोर्कमध्ये चकचकीत नळी खाली असते, सीलपासून नळीच्या तळाशी अ‍ॅक्सल धरणाऱ्या क्लॅम्पपर्यंत मोजायचं. त्या नळीभोवती प्लॅस्टिकची एक बारीक झिपटाय हलकीशी बांधून ठेवा. रस्त्यावर फोर्क कुठवर दबला ते ती दाखवते, आणि हा पुढे फार उपयोगी पडणारा पुरावा आहे.

आता आकडे काय हवेत? मागे 101 मिमीपैकी स्वारासह सॅग पाव ते एक तृतीयांश, म्हणजे 25 ते 33 मिमी. रिकामा सॅग 5 ते 10 मिमी. पुढे 120 मिमीपैकी स्वारासह 36 ते 42 मिमीच्या आसपास, रिकामा साधारण 25 ते 30. रस्त्यावरच्या गाडीसाठी सुरुवात इथून करावी, मग चवीप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

तुमची स्प्रिंग किती कडक आहे, ते घरीच काढता येतं

एकट्याने बसल्यावरचा सॅग आणि मागे माणूस बसल्यावरचा सॅग यांतला फरक घ्या. मागच्या माणसाचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं. समजा मागे बसणाऱ्याचं वजन 60 किलो आहे आणि गाडी आणखी 20 मिमी बसली. म्हणजे मागच्या चाकापाशी दर मिमीला 3 किलो. दोन्ही स्प्रिंगा मिळून, शॉकच्या तिरक्या बसणीसह, प्रत्यक्ष चाकाला मिळणारा हा आकडा आहे. नव्या शॉकच्या विक्रेत्याशी बोलताना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याही जाहिरातीचा होत नाही.

हेच उदाहरण पुढे नेऊ. एकट्याने सॅग 28 मिमी होता. माणूस 60 किलो आणि सामान 20 किलो, मिळून 80, म्हणजे साधारण 27 मिमी भर. एकूण 55. एकशे एकपैकी 55 मिमी रस्ता सुरू व्हायच्या आधीच खर्च झाले, उरले 46. एवढ्यात स्पीडब्रेकर, खड्डा, पुलाचा सांधा सगळं भागवायचं. ठक् आवाज येणारच.

प्रीलोड वाढवून हे 27 मिमी परत मिळतील का? रिंगच्या पहिल्या आणि शेवटच्या खाचेतली उंची पट्टीने मोजून पाहा. बहुतेक वेळा ती यासाठी पुरत नाही. इथे नवी स्प्रिंग हवी, हे आता अंदाजाने नाही, मोजून कळलं.

स्प्रिंग ओळखायची खूण अशी: नेहमीच्या भाराने स्वारासह सॅग 30 मिमीवर आणा, मग भार उतरवून रिकामा सॅग बघा. रिकामा सॅग शून्यावर आला, म्हणजे मोकळी गाडी पार ताठ वर उभी राहते, तर स्प्रिंग मऊ आहे. वाचताना हे उलटं वाटतं. पण मऊ स्प्रिंगला वजन पेलायला खूप आधी दाबावं लागतं, आणि तोच दाब रिकामी गाडी वर ढकलतो. याउलट रिकामा सॅग 15 मिमीच्या वर राहिला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक.

एकट्याची आणि दोघांची, दोन्ही स्वारी एकाच स्प्रिंगवर पूर्ण जमत नाही. ज्या भाराने वर्षातले जास्त किलोमीटर होतात त्याला धरून स्प्रिंग घ्या आणि प्रीलोडची मोठी मर्यादा असलेला शॉक निवडा. माझा कल नेहमी दोघांच्या भाराकडे असतो. एकट्याने थोडं टणक लागलं तर चालतं. भरल्या गाडीचं चाक घाटात टेकण्यापर्यंत दबलं तर प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

नवा शॉक निवडताना

थायलंडची वायएसएस, इंग्लंडची हेगॉन, 1976 साली स्थापन झालेली स्वीडनची ओहलिन्स, अशी नावं एनफिल्डच्या 650 गाड्यांच्या मालकांमध्ये ऐकू येतात. किमती दहा-वीस हजारांच्या घरात सुरू होतात आणि थेट लाखाकडे जातात. नावापेक्षा चार गोष्टी विचारा.

लांबी. वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मूळ शॉकइतकंच असावं. मागची बाजू उंच केली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, ट्रेल (हँडलला आपोआप सरळ ठेवणारं पुढच्या चाकाचं अंतर) कमी होते, हँडल चपळ आणि वेगात अस्थिर होतं. खाली केली तर गाडी वळायला आळशी होते आणि आधीच 135 मिमी असलेला ग्राउंड क्लिअरन्स आणखी घटतो. साइड स्टँडवरची कलंडही बदलते.

स्प्रिंगचा दर, म्हणजे ती एक मिमी दाबायला लागणारं बळ. विक्रेता तो सांगत नसेल तर तिथून घेऊ नका. तुमचं वजन, जोडीदाराचं वजन, सामान आणि वर काढलेला किलो प्रति मिमीचा आकडा द्या आणि त्याला साजेशी स्प्रिंग मागा. चांगले विक्रेते ती बदलून देतात.

रिबाउंडची सोय. मूळ शॉकला फक्त प्रीलोड आहे. कडक स्प्रिंग जास्त जोराने उघडते, तिला आवरायला रिबाउंडही जास्त लागतं. म्हणून जुन्याच शॉकवर नुसती कडक स्प्रिंग चढवण्याचा सल्ला मी देत नाही. बसणं थांबतं, पण गाडी प्रत्येक उंचवट्यावरून मागच्या माणसाला वर फेकते.

चौथी गोष्ट शॉकला जोडलेली वेगळी टाकी. त्यात जास्तीचं तेल आणि नायट्रोजन असतो. लांबवर खराब रस्ता लागला की तेल तापून पातळ होतं आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. जास्त तेल आणि मोठा पृष्ठभाग असेल तर हे उशिरा घडतं. कोकणातून घाट चढताना, उन्हाळ्यात, पूर्ण भाराने चालणाऱ्यांना याचा फायदा आहे. शनिवार-रविवारी एकट्याने लोणावळ्याला जाणाऱ्याला त्यावर खर्च करायची गरज नाही.

मागचा शॉक बदलणं

हे काम घरी होतं. गाडी फ्रेमखाली आधार देऊन सरळ उभी करा, पुढचा ब्रेक लिव्हर रबरबँडने बांधा, मागच्या चाकाखाली एक छोटा जॅक किंवा फळ्या लावून चाकाचा भार उचला. बॅगांचे स्टे (बॅगा धरणाऱ्या पट्ट्या) आड येत असतील तर काढा. कोणता वॉशर कुठे होता त्याचा फोटो आधी घ्या.

एका वेळी एकच शॉक काढायचा. दुसरा जागेवर असेपर्यंत स्विंगआर्म खाली पडत नाही. जुना काढल्यावर नव्याशेजारी जमिनीवर ठेवा आणि डोळ्यांची लांबी, बुशचा व्यास, रुंदी तपासा. बुश बोल्टवर सैल बसत असेल तर तसाच लावू नका, योग्य मापाची स्लीव्ह घ्या. तिथला अर्धा मिमीचा खेळ पाचशे किलोमीटरमध्ये बुश खाऊन टाकतो.

दोन्ही बाजूंनी लावण्याआधी एक चाचणी जरूर करा. फक्त या चाचणीपुरते, चाकाखालचा जॅक जागेवर ठेवून, दोन्ही शॉक काढा आणि एका माणसाने गाडी घट्ट धरून जॅकने चाक हळूहळू वर न्या. टायर मडगार्डला, कुठली केबल कशाला लागते का ते बघा. नवे शॉक लावल्यावर टाकी किंवा स्प्रिंग सायलेन्सरला किंवा बॅगेच्या स्टेला घासत नाही ना, तेही बघा. बोल्ट हाताने बसवा, गाडी स्वतःच्या वजनावर खाली आणा, आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. रबरी बुश असतील तर चाक लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

त्यानंतर चेनचा ढिलेपणा भार देऊन पुन्हा तपासा. आणि हेडलाइट. भरलेली गाडी आता मागून कमी बसते, त्यामुळे प्रकाशझोत खाली येतो. पूर्वी समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत आता रस्त्यावर पडतो. भिंतीसमोर उभी करून नव्याने लावून घ्या.

पुढचा फोर्क

सुपर मीटिऑरच्या फोर्कला बाहेरून काहीच बदलता येत नाही. उलट्या फोर्कचं आतलं काम मी घरी करू नये म्हणतो. स्प्रिंग दाबून धरायची खास साधनं लागतात, काही फोर्कमध्ये डॅम्पिंगची यंत्रणा एका पायात आणि दुसऱ्यात वेगळी असते, आणि सील चुकीचा बसला तर तेल थेट ब्रेक डिस्कवर येतं. सस्पेन्शनचंच काम करणाऱ्या कार्यशाळेत जा, सॅगचे आकडे असलेली वही सोबत न्या, आणि स्प्रिंग व तेल बदलायला सांगा. मागचं नीट झाल्यावर पुढचा फोर्क अनेकांना पुरेसा वाटतो, म्हणून मधे काही महिने चालवून बघा.

इंटरसेप्टर 650 वर टूरिंग करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे 41 मिमीचा साधा फोर्क, 110 मिमी हालचाल, आणि आत डॅम्पर रॉड. डॅम्पर रॉड म्हणजे ठरावीक भोकं असलेली नळी. भोकातून तेल ढकलताना वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर, जिथे हालचाल सावकाश असते, फोर्क सहज डुबकी मारतो. आणि टोकदार खड्ड्यात, जिथे हालचाल वेगवान असते, हात झिणझिणतात. मऊ आणि टणक, दोन्ही तक्रारी एकाच फोर्कबद्दल येण्याचं हे कारण.

आपल्या रस्त्यांवर हे फार जाणवतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकातला स्पीडब्रेकर 17 मीटर त्रिज्येचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच आहे, ताशी 25 किमीला आरामात ओलांडता येईल असा. प्रत्यक्षात गावोगावी जे उंचवटे घातलेले असतात त्यातले कितीतरी उंचीला तेवढेच, पण रुंदीला हातभर. तीच उंची कितीतरी कमी वेळात चढायची, म्हणजे फोर्कची हालचाल अनेक पट वेगाने.

यावर उपाय इम्युलेटर नावाचा छोटा व्हॉल्व्ह. तो डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसतो आणि मुख्य स्प्रिंगच्या दाबाने जागेवर राहतो. रॉडची कॉम्प्रेशनची भोकं मोठी करावी लागतात, मग दबतानाचं सगळं नियंत्रण या व्हॉल्व्हकडे येतं. सावकाश हालचालीला तो अडवतो, जोराचा धक्का आला की उघडतो. रिबाउंड मात्र अजूनही तेलाच्या दाटपणावरच राहतं.

साध्या फोर्कमध्ये स्प्रिंग आणि तेल बदलण्याचा क्रम असा. गाडी फ्रेमवर उचला, कॅलिपर काढून तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा, पण खालचा घट्टच ठेवा, आणि आत्ताच फोर्कचं झाकण थोडं ढिलं करून घ्या. फोर्क बाहेर काढल्यावर ते झाकण उघडताना हाल होतात. मग चाक, मडगार्ड, खालचा क्लॅम्प. नळी वरच्या क्लॅम्पच्या किती वर होती ते आधी मोजून ठेवा.

झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग, वॉशर, स्पेसर (स्प्रिंगवरचा नळीचा तुकडा) बाहेर, तेल ओता, नळी पंपासारखी दहा-पंधरा वेळा दाबून उरलेलं काढा. नवं तेल घाला, हवा निघेपर्यंत सावकाश पंप करा आणि फोर्क दहा मिनिटं उभा ठेवा. आता फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर असताना, नळीच्या काठापासून तेलाच्या पातळीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पायांत ते सारखं हवं, एखाद्या मिमीच्या आत. नेमका आकडा स्प्रिंग किंवा इम्युलेटरसोबत आलेल्या कागदावर असतो. या मोकळ्या जागेतली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखं काम करते. तेल वर घेतलं तर शेवट जास्त टणक होतो. फोर्क ब्रेकमध्ये टोकाला ठोकत असेल तर 5 मिमीने पातळी वाढवून पाहता येतं.

तेल घेताना डब्यावरच्या 10डब्ल्यू, 15डब्ल्यू वर विसंबू नका. एका कंपनीचं 10 दुसऱ्या कंपनीच्या 15 इतकं दाट असू शकतं. 40 अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं एकक), हा आकडा माहितीपत्रकात असतो. तुलना त्याचीच करा.

नवी स्प्रिंग कडक असेल तर जुना स्पेसर लांब पडतो. प्रीलोड साधारण 15 ते 20 मिमी येईल असा नवा स्पेसर जाड पीव्हीसी पाइपमधून कापून घ्या, टोकं अगदी काटकोनात, दोन्हीकडे वॉशर. लावताना अ‍ॅक्सल आवळा, पण अ‍ॅक्सलच्या टोकाचा क्लॅम्प बोल्ट सैल ठेवून गाडी खाली घ्या आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क पाचसहा वेळा दाबा. पाय आपोआप समांतर होतात. मग तो बोल्ट आवळा, ब्रेक लिव्हर दाबून पॅड जागेवर आणा, आणि तेव्हाच गाडी हलवा.

रस्त्यावर जुळवणी

आधी पुन्हा सॅग मोजा. ते बरोबर आल्याशिवाय डॅम्पिंगच्या नॉबला हात लावू नका.

रिबाउंडचा नॉब हलक्या हाताने पूर्ण बंद करा, कंपनीने सांगितलेल्या क्लिकांइतका उघडा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि वहीत लिहा. घराजवळचा असा चार-पाच किलोमीटरचा तुकडा निवडा ज्यात एक स्पीडब्रेकर, थोडा उखडलेला रस्ता आणि एक लांब वळण आहे. तोच रस्ता, तोच वेग, तोच भार. एका फेरीत एकच बदल, दोन क्लिकांचा.

काय जाणवतं त्यावरून दिशा कळते. स्पीडब्रेकर उतरल्यावर मागची बाजू एकदा वर येऊन थांबायला हवी. दोनदा-तीनदा हेलकावली तर रिबाउंड कमी आहे, वाढवा. वळणात तरंगल्यासारखं वाटणं हेही त्याचंच लक्षण. उलट, पहिला धक्का ठीक, दुसरा टणक, तिसरा आणखी टणक असं होत असेल तर रिबाउंड जास्त आहे. शॉकला पुढच्या धक्क्याआधी पूर्ण उघडायला वेळ मिळत नाही आणि तो खालीखाली बसत जातो.

हा दुसरा दोष सिमेंटच्या रस्त्यावर पकडता येतो. काँक्रीटच्या पट्ट्यांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी 80 किमीला सेकंदाला 22 मीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच धक्के. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटच्या लांब पट्ट्यावर दहा मिनिटांनी गाडी सुरुवातीपेक्षा टणक वाटायला लागली, तर रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा. मग पसरणी किंवा कुंभार्लीसारख्या घाटात, भरल्या गाडीने, हेलकावे परत आले नाहीत ना ते बघा. या दोन टोकांमध्ये आपली जागा सापडते, आणि ती एका दिवसात सापडेलच असं नाही.

पुढची झिपटाय रोज बघा. दिवसभराच्या खराब रस्त्यावर शेवटचे 10 मिमी शिल्लक राहत असतील तर फोर्क छान काम करतोय. निम्मीच हालचाल वापरली जात असेल तर स्प्रिंग किंवा तेल जास्त कडक. दर खड्ड्याला टोक गाठत असेल तर उलट.

एकट्याचा आणि दोघांचा प्रीलोड व क्लिक वेगळे लिहून ठेवा. प्रीलोडची रिंग फिरवण्याआधी खाचांतली माती ब्रशने काढा, नाहीतर पाना घसरतो आणि हाताची सालटी निघतात.

कागदपत्रं आणि देखभाल

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. मूळ लांबीचा शॉक त्याच जागी लावणं आणि स्विंगआर्म किंवा फ्रेम कापून-जोडून बदलणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या वाटेला जाऊच नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा. मूळ शॉक कापडात गुंडाळून ठेवा, वॉरंटीच्या कामाला किंवा गाडी विकताना लागतात.

पावसाळ्यात उलट्या फोर्कची चकचकीत नळी चाकाच्या चिखलाजवळ असते. प्रत्येक प्रवासानंतर मऊ ओल्या फडक्याने पुसा, वाळलेली माती तशीच राहिली तर सीलची कड कापते. प्रेशर वॉशरचा झोत सीलवर आणि शॉकच्या दांड्यावर धरू नका. नळीवर गंजाचे बारीक ठिपके दिसले तर बोटाच्या नखाने तपासा. नख अडकत असेल तर नवा सीलही टिकणार नाही. फोर्कचं तेल साधारण दोन वर्षांनी किंवा 20 हजार किमीनंतर बदला, काळं पडलेलं निघालं तर पुढच्या वेळी लवकर. नव्या शॉकचीही सर्व्हिस असते, तेल आणि नायट्रोजन दोन्ही बदलावे लागतात. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारा: हे काम पुण्या-मुंबईत होतं की परदेशात पाठवावं लागतं? नायट्रोजनचा व्हॉल्व्ह मात्र घरी कधीही उघडू नका, आत मोठा दाब असतो आणि तो पुन्हा भरायला सिलिंडर व मीटर लागतो.